किकबॉक्सिंगमध्ये घोटा सांभाळायचा तर आधी उभ्या पायाकडे बघा

माझा डावा घोटा मुरगळला तेव्हा समोर कुणीच नव्हतं. शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत करायचा सराव, चालू होतं, शेवटची फेरी संपत आली होती. उजव्या पायाने हवेत राउंडहाऊस, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची किक मारली आणि ज्या पायावर उभा होतो तोच बाहेरच्या बाजूला कलंडला. आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि मी खाली बसलो. मारणाऱ्या पायाला नडगीचं गार्ड होतं, पावलावर पॅड होतं. उभ्या पायावर मात्र काही नव्हतं आणि माझं लक्षही नव्हतं.

त्यानंतर शिकताना आणि शिकवताना मी हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. आपण सगळी काळजी मारणाऱ्या पायाची घेतो. घोटा मात्र बहुतेक वेळा उभ्या पायाचा किंवा किकनंतर जमिनीवर परत येणाऱ्या पायाचा जातो. म्हणून या लेखाचा मोठा भाग उभ्या पायाबद्दल आहे. टेप आणि सपोर्टचं सगळ्यात शेवटी सांगेन, कारण त्यांचा नंबरही शेवटीच लागतो.

घोटा कधी सैल असतो

एवढं एक कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड मिळून खाली एक खोबण तयार होते. त्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल नडगीकडे वर वाकलं की रुंद भाग खोबणीत पाचरीसारखा घट्ट बसतो. टाच उचलली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांध्याला हलायला जागा मिळते.

राउंडहाऊस किक मारताना टाच उचलावीच लागते, नाहीतर पाय फिरणार कसा? म्हणजे अंगाचा सगळा पीळ ज्या क्षणी एका पायावर येतो, नेमका त्याच क्षणी घोटा सर्वात सैल असतो. टाच जितकी जास्त वर, तितका तो जास्त सैल.

घोट्याला बाहेरच्या बाजूने तीन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, धरून ठेवतात. त्यातला पुढचा सर्वात कमकुवत असतो. पाऊल खाली झुकलेलं असताना तळवा आत वळला की पहिला ताण त्याच्यावर येतो आणि बहुतेक मुरगळण्यांत तोच फाटतो. आतल्या बाजूचं लिगामेंट रुंद आणि मजबूत असतं, म्हणून घोटा आतल्या बाजूला क्वचितच कलंडतो. बाहेरच्या बाजूला आणखी एक राखणदार असतो, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरणारे पेरोनियल स्नायू. तळवा आत वळू लागला की त्याला परत ओढणं हे त्यांचं काम. अडचण अशी की मुरगळणं फार झटकन होतं. मेंदूचा निरोप पोहोचून स्नायू आवळेपर्यंत घोटा वळून गेलेला असतो. म्हणून ते स्नायू आधीपासूनच ताणात असायला हवेत, आणि ती सवय सरावानेच लागते.

पहिली पायरी: आपला घोटा तपासा

तीन सोप्या चाचण्या आहेत. दोन्ही पायांवर करा आणि आकडे लिहून ठेवा.

भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्या आणि पुन्हा करा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशा शेवटच्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते १० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. आकड्यापेक्षाही दोन पायांतला फरक महत्त्वाचा आहे. एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर कमी भरत असेल तर तो घोटा आखडलेला आहे आणि किकनंतर खाली येताना तो नीट वाकणार नाही.

दुसरी चाचणी: एका पायावर अनवाणी उभे राहा, हात कमरेवर ठेवा, डोळे मिटा. २० सेकंद तोल राहतो का?

तिसरी: एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर उचला आणि सावकाश खाली आणा. तोलासाठी बोटांची टोकं भिंतीला लावली तरी चालेल. सलग २० वेळा जमलं पाहिजे. शेवटच्या काही वेळा टाच अर्धीच उठत असेल तर त्या मोजू नका.

याआधी कधी घोटा मुरगळला असेल तर हे जास्तच मनावर घ्या. पुन्हा मुरगळण्याचं सर्वात मोठं कारण आधीची मुरगळ हेच असतं. दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला असं नाही.

दुसरी पायरी: पायाखालची जमीन

जोडणीच्या फोम मॅट्समध्ये फट पडलेली असते आणि फिरणाऱ्या पायाचा चवडा त्यात अडकतो. सरावाआधी मॅट्स दाबून बसवा. घाम पडला तर लगेच पुसा. फार मऊ, जाड मॅटवर पाऊल रुतून बसतं. अंग फिरतं, पाऊल फिरत नाही आणि सगळा पीळ घोटा व गुडघा झेलतात. फिरण्याचा सराव टणक मॅटवरच करा.

जाड तळव्याचे धावण्याचे बूट घालून किक मारू नका. त्यांची पकड सरळ रेषेत धावण्यासाठी बनवलेली असते. फिरताना ती पायाला धरून ठेवते, आणि उंच तळव्यामुळे पाय कलंडायलाही सोपं जातं.

तिसरी पायरी: घोट्यासाठी वेगळा वॉर्म-अप

पाच-सात मिनिटं पुरतात. आधी दोन-तीन मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा, अगदी बुटक्या, दोरी पायाखालून जाईल इतक्याच. मग भिंतीजवळचा तोच गुडघा टेकवण्याचा व्यायाम प्रत्येक पायाने १० वेळा. त्यानंतर चवड्यावर २० पावलं, टाचांवर २० पावलं. शेवटी किक न मारता, गुडघा वर घेऊन उभ्या पायावर सावकाश फिरणं, प्रत्येक बाजूला १० वेळा. सरावाआधी पोटरी एका जागी धरून मिनिटभर ताणत बसू नका. तो ताण शेवटासाठी ठेवा.

चौथी पायरी: उभा पाय फिरवायचा कसा

इथे घाई करू नका. मी पुन्हा शून्यापासून शिकलो ते हेच, आणि नव्या मुलांना पहिले कितीतरी दिवस हेच करायला लावतो.

किक निघण्याआधीच उभं पाऊल थोडं बाहेर उघडून टाका. राउंडहाऊससाठी पुढचा पाय सरळ न टाकता तिरपा, बाहेरच्या दिशेला टाकायचा, बोटं साधारण ४५ अंशांवर. अर्धं फिरणं पाऊल टाकतानाच झालेलं असतं. उरलेलं थोडं चवड्यावर होतं आणि घोट्याला कमी पीळ बसतो. बोटं समोर ठेवून सगळं फिरणं शेवटच्या क्षणावर टाकलं की पाय जमिनीला चिकटून राहतो.

टाच किती उचलायची? पाय मोकळेपणी फिरेल इतकीच. टाचेखालून दोन बोटं सरकली म्हणजे पुरे. उंच प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यापर्यंत पोहोचायला बरेच जण टोकावर उभे राहतात. ती उंची घोट्याच्या सैलपणातून उसनी घेतलेली असते. डोक्यावरची किक कमरेच्या लवचिकतेतून आणि धड मागे झुकवून आली पाहिजे. कंबर उघडत नसेल तर किक खाली मारा. बरगडीवर बसलेली किकही पुरेशी दुखते.

वजन अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गादीवर ठेवा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. वजन करंगळीच्या बाजूला सरकलं की घोटा बाहेर कलंडायला निघालाच. अंगठा मॅटवर हलकेच दाबलेला ठेवला तर पेरोनियल स्नायू आपोआप ताणात येतात, म्हणजे राखणदार आधीच जागा असतो. माझा घोटा गेला त्या दिवशी मी थकलेला होतो आणि वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर गेलं होतं.

गुडघा किंचित वाकलेला आणि बोटांच्या दिशेलाच असावा. बोटं एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे असेल तर घोटा वाचला तरी गुडघा वाचेलच असं नाही. किक लागते तेव्हा उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलेली असली पाहिजे. आरशात बाजूने बघून खात्री करा.

सराव असा करा. एका हाताने भिंत धरा. उघडं पाऊल, गुडघा वर, फिरा, थांबा, दोन सेकंद तोल धरा, परत या. दहा वेळा. हे चुकेनासं झालं की भिंत सोडा. मग मांडीच्या उंचीवर हळू किक, मग कमरेच्या, मग बॅगवर. वेग शेवटी. आणि सराव संपताना, पाय थकलेले असताना, प्रत्येक बाजूला पाच किक एकदम सावकाश मारा. थकल्यावर पाऊल काय करतं ते तेव्हाच दिसतं, आणि घोटे जातात तेही थकल्यावरच.

साइड किक आणि स्पिनिंग बॅक किक, म्हणजे गिरकी घेऊन मागच्या दिशेने मारायची किक, यांत पाऊल आणखी जास्त फिरतं. वजन अंगठ्याखाली ठेवण्याचा नियम तिथेही तोच. पूर्ण गिरकी घ्यायची असेल तर आधी किक न मारता नुसती गिरकी पक्की करा.

पाचवी पायरी: मारणारं पाऊल

राउंडहाऊस नडगीच्या खालच्या भागाने मारायची, पावलाच्या वरच्या भागाने नाही. बॅगपासून अंतर जास्त पडलं की नडगीऐवजी पाऊल लागतं, तेही सैल असताना. पाऊल जोरात खाली दाबलं जातं, घोट्याच्या पुढच्या बाजूचं आवरण ताणलं जातं आणि मागची हाडं एकमेकांवर चेपतात. एका किकने फारसं कळत नाही. पण शेकडो वेळा झालं की घोट्याच्या पुढे किंवा मागे कायमचं दुखणं राहतं. किक संपल्यावर दर वेळी पावलाच्या वरच्या बाजूला लाल वण दिसत असतील तर अर्धं पाऊल पुढे या.

लागताना पाऊल ताठ हवं. सैल पाऊल समोरच्याच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर आदळलं तर घोट्याबरोबर पावलाची बारीक हाडंही जाऊ शकतात. समोरचा हात खाली करून कोपराने बरगडी झाकत असेल तर त्या बाजूला मधल्या उंचीची किक मारण्याचा हट्ट सोडा. फ्रंट किकमध्ये बोटं मागे ओढून चवड्याने मारा, साइड किकमध्ये टाचेने. फ्रंट किकला बोटं मागे ओढायची राहिली तर आधी बोटं दुखावतात आणि मागोमाग घोटा वाकतो.

किक पकडली गेली तर काय? पाय हिसकावत उभ्या पायावर गिरक्या घेऊ नका. घट्ट टेकलेल्या पावलावर अंग फिरलं की घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात. ही दुखापत साध्या मुरगळीपेक्षा बरीच जास्त रेंगाळते. सरावात पकडणाऱ्याने लगेच सोडायचं आणि पकडलेला पाय पिळायचा नाही, हे स्पारिंग, म्हणजे साथीदाराबरोबरची सरावाची लढत, सुरू होण्याआधीच ठरवून घ्या. पाय झाडून पाडण्याचा डाव, म्हणजे स्वीप, चालणार आहे की नाही हेही तेव्हाच बोलून घ्या. अचानक बसलेला स्वीप घोट्यावर येतो, अपेक्षित असलेला बहुधा येत नाही.

सहावी पायरी: परत खाली येणं

किक मारून झाली की पाय सोडून देऊ नका. गुडघा आधी आत घ्या, मग पाऊल ठेवा. किक चुकली आणि पाय पुढे पडणार असं वाटलं तर चवडा आधी, लगेच टाच, गुडघा वाकलेला. उडी मारून मारलेल्या किकनंतर शक्यतो दोन्ही पायांवर उतरा. एक साधी खूण: उतरण्याचा आवाज मोठा असेल तर स्नायूंनी झेललं नाही, सांध्याने झेललं.

सातवी पायरी: आठवड्यातून तीन दिवस घोट्याचा व्यायाम

टाच उचलणं दोन प्रकारे करा, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून. पहिल्यात पोटरीचा वरचा मोठा स्नायू काम करतो, दुसऱ्यात त्याखालचा. तो खालचा स्नायू वाकलेल्या गुडघ्याच्या स्टान्समध्ये, म्हणजे लढताना उभं राहण्याच्या ढबीत, फेरीभर राबतो, आणि बहुतेक लोक त्याला विसरतात. प्रत्येकी १२ ते १५ वेळा, तीन सेट, खाली येताना तीन सेकंद घेऊन.

पेरोनियलसाठी रबरी बँड. बसून पाय पुढे पसरा. बँडचं एक टोक दुसऱ्या पायाच्या बाजूला घट्ट बांधा आणि दुसरं या पायाच्या चवड्याला अडकवा. करंगळीची कड बाहेर ओढा आणि सावकाश परत आणा. १५ वेळा, तीन सेट. मांडी फिरवून फसवू नका, फक्त पाऊल हललं पाहिजे. नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी भिंतीला पाठ लावा, पाय फूटभर पुढे घ्या आणि फक्त चवडे उचला, २० वेळा.

तोलाच्या सरावाने पुन्हा मुरगळणं कमी होतं हे क्रीडावैद्यकात चांगलं सिद्ध झालेलं आहे. म्हणून वेळ कमी असेल तर बाकी गाळा, हा ठेवा. एका पायावर ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग दुमडलेल्या टॉवेलवर, मग साथीदाराने हातमोज्याला हलके धक्के देत असताना. हे जमलं की एका पायावर छोटी उडी पुढे, मागे, आजूबाजूला घ्या, आणि उतरल्यावर पुतळ्यासारखं दोन सेकंद थांबा.

आठवी पायरी: टेप, सपोर्ट, अँकलेट

कापडी अँकलेट ऊब देतात, हलका दाब देतात आणि घोटा कुठे आहे याची जाणीव वाढवतात. कलंडणारा घोटा ते थांबवू शकत नाहीत. दोरीचा किंवा पट्ट्यांचा ब्रेस खरा आधार देतो. पण कडक ब्रेस घालून साथीदारावर किक मारणं त्याच्यासाठी बरं नाही, आणि स्पर्धेत तो बहुधा चालत नाही. ब्रेस दोरीवरच्या उड्या, फूटवर्क आणि एकट्याच्या सरावासाठी ठेवा.

कडक टेप साधारण ३८ मिलिमीटर रुंदीचा घ्या. आधी पातळ फोमची पट्टी गुंडाळा. पाऊल नडगीशी काटकोनात धरा. बांधून होईपर्यंत ते खाली झुकू देऊ नका, नाहीतर सैल अवस्थेतलाच घोटा बांधला जाईल. घोट्याच्या हाडांच्या थोडं वर, नडगीभोवती एक गोल पट्टा लावा. त्याच्या आतल्या बाजूपासून टेप खाली आणा, टाचेखालून घ्या, बाहेरच्या बाजूने ताण देत वर चढवा आणि पुन्हा पट्ट्यावर आणा. असे तीन पट्टे, एकमेकांवर अर्धे चढलेले. मग आठच्या आकड्यासारखा एक वेढा आणि वरून बंद करणारे पट्टे. चवड्याखाली टेप येऊ देऊ नका, पाऊल मॅटवर घसरेल किंवा चिकटेल. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. घाम आणि हालचालीने टेप वीस-तीस मिनिटांत बराच ढिला होतो, त्यामुळे दोन तासांच्या सरावाच्या आधी एकदाच बांधून निश्चिंत राहता येत नाही.

आणि तरीही मुरगळला तर

थांबा. फेरी पूर्ण करू नका. दुखणं कमी आहे म्हणून चोळू नका, ओढू नका, आणि गोळी घेऊन पुन्हा मॅटवर उतरू नका.

एक्स-रे लागेल का हे ठरवायला डॉक्टर ओटावा नियम वापरतात. ते १९९२ मध्ये कॅनडात तयार झाले. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून ६ सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबलं तर दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबलं तर दुखतं का? लगेच आणि तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा, चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही ‘हो’ असेल तर एक्स-रे काढा. पाऊल सुन्न किंवा गार पडलं असेल, किंवा घोटा वाकडा दिसत असेल तर थेट रुग्णालयात जा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत मी नेहमीच डॉक्टरकडे पाठवतो. त्यांच्या हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी लिगामेंटपेक्षा नाजूक असते, त्यामुळे ‘साधी मुरगळ’ दिसत असली तरी इजा त्या पट्टीला झालेली असू शकते.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेजचा दाब, पाय उशीवर उंच, आणि दुखणं शमवायला कापडातून १० ते १५ मिनिटं बर्फ. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. म्हणून पाय महिनाभर बांधून पडून राहू नका. सोसवेल तसं वजन टाका, दिवसातून अनेकदा पाऊल वर-खाली हलवा, लंगडणं घालवा.

परत येण्याच्या पायऱ्या कॅलेंडरवर नाहीत, घोट्यावर ठरतात. न लंगडता भरभर चालता आलं की दोन्ही पायांवर टाच उचलणं, मग एका पायावर. दुखऱ्या पायावर २० वेळा टाच उचलली, ३० सेकंद तोल राहिला आणि भिंतीजवळचं अंतर दुसऱ्या पायाइतकं झालं की दोरी आणि एका पायाच्या उड्या. उड्या निर्धोक झाल्या की भिंत धरून सावकाश फिरणं. त्यानंतर शॅडो, मग बॅग, मग पॅड. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा बघा. सूज वाढली असेल तर एक पायरी मागे या.

स्पारिंग सर्वात शेवटी. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त ओळखीच्या साथीदाराबरोबर, घोटा टेप करून, स्वीप आणि पकड बंद ठेवून, दोन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. कोणता पाय दुखावला होता ते त्याला आधी सांगा.